रंगबाईंचा डोळा

रंगबाईंच्या दुकानात मापाचा पेला होता, पण त्यात कंगवे उभे करून ठेवलेले असत. केसांचा रंग कालवायला त्यांनी तो कधी वापरला नाही. ट्यूब वाटीत पिळायची, ब्रशनं दोनदा ढवळायचं, मान तिरकी करून बघायचं, मग अंदाजानं जरासा निळा नाहीतर जरासा तांबूस घालायचा, की काम फत्ते. एखादं नवं गिऱ्हाईक विचारी, "मोजत नाही का तुम्ही?" तेव्हा रंगबाई आपल्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवत. "हा बसलाय की इथं मापाला."

यात फुशारकी होती, पण थाप नव्हती. गल्लीच्या पार त्या टोकाला एखादी बाई दिसली तरी तिनं मुळांना रंग कधी लावला आणि कोणाकडून लावून घेतला, हे रंगबाई बसल्या जागेवरून सांगत. समोरची शिंपीणबाई एकदा हौसेनं दुसरीकडे जाऊन केस रंगवून आली आणि पुढचे पंधरा दिवस स्वतःच्या दुकानात मागच्या दारानं ये-जा करत होती. काही उपयोग झाला नाही. सोळाव्या दिवशी रंगबाईंनी रस्त्यापलीकडून विचारलंच, "काय गं, पैसे देऊन लावून घेतलास की फुकट?"

सून या घरात आली तेव्हा तिला केसांच्या रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. वर्षभर ती वरच रमली. मग एक दिवस रंगबाईंनी तिच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाल्या, "नवरा तुझा दिवसभर लोकांच्या भिंतीतल्या वायरी उपसत फिरतो. तू वर बसून काय माश्या मारणार? चल खाली."

खाली आल्यावर सुनेला कळलं की या दुकानात केस रंगवणं हे निम्मंच काम आहे. रंग चढायला अर्धा तास लागतो, आणि अर्धा तास बाईला नुसतं गप्प बसवून ठेवणं रंगबाईंच्या लेखी गुन्हा होता. म्हणून त्या गोष्टी सांगत. कुठल्या काळी कुठल्या बायका अक्रोडाच्या साली उकळून केसांना चोपडायच्या, कुठे टोपीचा मधला भाग कापून, त्यातून केस वर काढून, भर उन्हात गच्चीवर बसायच्या, का तर केस सोनेरी व्हावेत. शिशाचे कंगवे वापरून लोक केस काळे करायचे आणि बरोबरच पोटाची दुखणीही लावून घ्यायचे. त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट एका रसायनं ढवळणाऱ्या पोराची. तो बिचारा तापावरचं औषध बनवायला बसला आणि भांड्याच्या तळाशी निघाला जांभळा रंग. तिथून कारखान्यांतले रंग सुरू झाले, आणि फिरत फिरत ते आपल्या डोक्यावर आले. "म्हणजे बघ," रंगबाई ब्रश हवेत नाचवत म्हणत, "आपला सगळा धंदाच मुळी एका चुकीतून निघालाय. तेव्हा चुकीला घाबरायचं नाही."

चुकीला त्या खरंच घाबरत नसत, पण चूक झाकणं त्यांना खपत नसे. दुकानात एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. तारीख, रंग आणि खाली एक ओळ. 'मुलगी परदेशी गेली, गडद मागितला.' 'आजारातून उठली, हलका हात.' बिघडलं असेल तर तेही लिहायचं. आणि दुकानाचा एक नियम होता, जो भिंतीवर लिहिलेला नसला तरी सगळ्यांना पाठ होता. ज्या हातानं बिघडलं, त्याच हातानं नीट करायचं. दुसऱ्यानं मधे पडायचं नाही.

हा नियम सुनेला चांगला महागात पडला होता. शिकायला लागून तीन महिने झाले नाहीत तोच तिनं हेडबाईंचं डोकं केशरी केलं. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. आरशात बघून त्या इतक्या शांतपणे "हं" म्हणाल्या की सुनेनं ब्रश टाकून पळ काढला. ती रडत जिन्यावर जाऊन बसली. रंगबाई तिच्या शेजारी येऊन टेकल्या. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "नीट तूच करायचंस. पण सराव हवा. माझं डोकं घे."

आणि त्यांनी खरंच स्वतःचं पांढरंशुभ्र डोकं सुनेच्या ताब्यात दिलं. पहिल्या प्रयत्नात ते गाजरासारखं झालं. दुसऱ्यात गंजलेल्या खिळ्यासारखं. रंगबाई तसल्या डोक्यानं दोन आठवडे बाजारात हिंडल्या आणि कोणी विचारलं तर ताठ मानेनं सांगत, "सून शिकतेय." तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मग सुनेनं हेडबाईंचे केस सुधारले, आणि रंगबाईंनी कार्डावर लिहिलं, 'सुनेच्या हातून केशरी. माझंच शिकवणं कमी पडलं. तिनंच नीट केलं.' ते कार्ड वाचून सून दुसऱ्यांदा रडली. आईवेगळी पोर होती ती. इतकं कोणी आपल्यासाठी केलेलं तिला ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

जांभळा प्रकार सुरू झाला तो कधी, हे नेमकं सांगता येणार नाही. आधी पोस्टातल्या काकूंच्या करड्या केसांवर एक निळसर झाक आली. सुनेला वाटलं, ट्यूबच खराब निघाली. मग शिंपीणबाई. मग हेडबाई. रंगबाई वाटीत बघत, कपाळाला आठी घालत आणि म्हणत, "पिवळं मारतंय गं. अजून जरा निळा हवा." वाटीत काहीही पिवळं मारत नसे.

दुकानाची जुनी पद्धत अशी की केस वाळले की गिऱ्हाइकाला दाराशी न्यायचं. रंगबाईंचा दिव्यांवर विश्वास नव्हता. दारातल्या उजेडात बाईला गोल फिरवायचं, बघायचं, आणि रंग मनासारखा असेल तर तिच्या पाठीवर हलकी थाप मारायची. त्या थापेसाठी बायका यायच्या म्हटलं तरी चालेल. आता रंगबाई जांभळट डोक्याची बाई दारात फिरवत, "वा, काय खुललंय," म्हणत, आणि थाप मारत. आणि बाई सुनेकडे एकदा बघून, मूग गिळून, घरी जाई.

कोणी काही बोललं नाही. ज्या शिंपीणबाईच्या जिभेला हाड नाही म्हणून गल्ली घाबरून असे, तीसुद्धा बोलली नाही. हेडबाईंनी तर एका बाईला रस्त्यात सांगितलं की सध्या हीच पद्धत आहे, आणि ती बाई बिचारी हेडबाईंची जुनी विद्यार्थिनी, तिनं वहीत उतरवून घ्यावं तसं मान्य केलं. नवी गिऱ्हाइकं तेवढी एकदा येऊन परत फिरकत नसत.

सुनेनं आपल्या परीनं खटपट केली. ती गुपचूप वाटीतला निळा कमी करायची. पण तिनं थेंबभर काढला की रंगबाईंना सगळं आणखीनच पिवळं दिसे आणि त्या दोन थेंब वाढवत. मग तिनं नवऱ्याला मधे घातलं. वायरमननं दुकानातले दिवे बदलले, एकदा पांढरे, एकदा त्याहून पांढरे. रंगबाई म्हणाल्या, "कसले रे हे कावीळ झालेले दिवे आणतोस."

"आईला सांगून टाक," तो बायकोला म्हणाला. "डोळे तपासू म्हणावं."

"तुम्ही सांगा."

"मी? मला बदडायचंय का तिच्याकडून?"

सांगायचं काय होतं? तुमच्या उजव्या डोळ्यानं दगा दिलाय, हे? त्या डोळ्यावर त्यांचं दुकान, त्यांचा रुबाब, त्यांची विनोदबुद्धी, सगळं उभं होतं. नवरा गेल्यावर त्या एका डोळ्याच्या जोरावर त्यांनी मुलगा वाढवला होता. सुनेची जीभ रेटत नव्हती.

अशात सुनेच्या कानशिलावर तिची पहिली पांढरी बट दिसली. रंगबाईंनीच ती शोधली, आणि त्यांना कोण आनंद. "बस," त्या खुर्ची झटकत म्हणाल्या. "अकरा वर्षं वाट बघतेय मी या डोक्याची. तुझा पहिला रंग माझ्या हातचा."

सुनेनं वाटीकडे पाहिलं. तिला दिसत होतं काय कालवलं जातंय ते. ती टॉवेल गळ्याभोवती घेऊन मुकाट्यानं बसली. रंगबाईंनी इतक्या मायेनं भांग पाडून बट न् बट रंगवली की सुनेनं डोळे मिटून घेतले. दारातल्या उजेडात रंगबाईंनी तिला दोनदा फिरवलं आणि थाप मारली. नव्या कार्डावर लिहिलं, 'पोरीचा पहिला रंग. फार छान आलाय.'

संध्याकाळी वायरमन घरी आला, बायकोकडे बघत जिन्याच्या वरच्या पायरीवर थबकला आणि म्हणाला, "वांगं."

"हसलात तर बघा," ती कुजबुजली. तो हसला नाही. आत जाऊन त्यानं उशीत तोंड खुपसलं तेवढंच.

शेवटी प्रश्न सुटला तो भलत्याच वाटेनं. रंगबाईंना स्वतःच्याच कार्डावरची अक्षरं दिसेनाशी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्हीकडे मोतीबिंदू सांगितला, उजव्या डोळ्यात चांगला पिकलेला, तोच आधी काढायचा. "तुम्ही कधीपासूनच पिवळ्या काचेतून जग बघताय, आजी," डॉक्टर म्हणाले. रंगबाईंचं लक्ष 'आजी' या शब्दावर अडकलं होतं, बाकीचं त्यांनी कानाआड केलं. सुनेनं मात्र सगळं ऐकलं, आणि तिचं धाबं दणाणलं. डोळा नीट होणार, म्हणजे त्यांना दिसणार.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच काढायची होती. दुपारी हेडबाई दुकानात आल्या, स्वतःच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "चल, उरकून टाक. तिनं बघायच्या आत. उरलेल्या दोघीही यायच्यात मागोमाग."

सुनेनं वाटी घेतली, सोनेरी छटेची ट्यूब पिळली, ढवळली. तासाभराचं काम होतं. चार डोकी संध्याकाळपर्यंत झाली असती आणि रंगबाईंना कधीच काही कळलं नसतं. ती ब्रश बुडवून हेडबाईंच्या मागे उभी राहिली, आणि उभीच राहिली. समोरच्या फळीवर पत्र्याची पेटी होती. पेटीत हेडबाईंचं कार्ड होतं आणि कार्डावर अकरा वर्षांपूर्वीचं केशरी, झाकून न ठेवलेलं.

"नाही जमायचं, हेडबाई," ती म्हणाली. "त्यांच्याच दुकानात त्यांच्यापासून लपवायचं? उद्या मी त्यांच्याकडे बघू कशी?"

हेडबाईंनी गळ्यातला टॉवेल काढून त्याची घडी घातली. "माझ्या शाळेत असतीस तर तुला मॉनिटर केलं असतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

पट्टी निघाली. रंगबाई घरी आल्या, वरच्या खोलीत खिडकीशी बसल्या आणि भिंत किती पांढरी आहे याचं कौतुक करू लागल्या. मग सून चहा घेऊन आली. रंगबाईंनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि डाव्यानं पाहिलं. मग डावा झाकला. असं तीनदा केलं.

"इकडे उजेडात ये," त्या म्हणाल्या. सून खिडकीशी गेली. त्यांनी तिची बट बोटांत धरली. "हे मी केलंय?"

"हो, आई."

"आणि तुला दिसत होतं? लावताना?"

"हो."

"बाकीच्यांचं?"

तेवढ्यात हेडबाई, शिंपीणबाई आणि काकू भेटायला म्हणून जिना चढून आल्या, आणि उत्तराची गरज उरली नाही. तीन जांभळी डोकी दारात उभी होती. रंगबाईंनी तिघींना नीट पाहून घेतलं.

"किती दिवस?"

"दीड वर्ष असेल," शिंपीणबाई म्हणाली. "पण मला आवडतो गं. खरंच."

"तुला खोटं बोलता येत नाही," रंगबाई म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून त्या खाली उतरल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला बोलावून सांगितलं, "पेटी तुझी. कार्डं तुझी. मी ब्रश ठेवला."

"आई, डोळा आता चांगला झालाय."

"डोळा झालाय. लोकांनी दीड वर्षं माझी कीव केली, त्याचं काय? मी थापा मारत होते, शाबासकीच्या, आणि त्या बायका..." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "जा तू. गिऱ्हाइकं खोळंबतील."

सून खाली आली. गिऱ्हाइकं कुठली खोळंबायला? दुकान रिकामं होतं. तिन्ही बायकांनी सुनेकडून रंग दुरुस्त करून घ्यायला साफ नकार दिला होता. 'नियम म्हणजे नियम,' त्याच हेडबाईंनी आता बजावलं होतं, आणि त्यांच्यापुढे कोणाची टाप होती? सून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. रंगबाईंचा आवाज नसलेल्या या दुकानात आपण एक दिवस काढू शकणार नाही, हे तिला लख्ख कळलं. तिनं टॉवेल उचलला आणि जिना चढली.

वर जाऊन ती रंगबाईंच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसली. टॉवेल खांद्यावर घेतला.

"हे काय?"

"नियम तुमचाच आहे. ज्या हातानं बिघडलं त्याच हातानं. मी असंच डोकं घेऊन हिंडणार, म्हातारी होईपर्यंत."

"पोरी, हट्ट करू नकोस. माझा हात आता थरथरेल."

"थरथरू दे. तुम्ही माझ्यापायी दोन आठवडे गाजरासारखं डोकं घेऊन बाजारात फिरलात. तेव्हा काय कीव करत होतात माझी?"

"कीव कसली?" रंगबाई एकदम तडकल्या. "तू माझी होतीस म्हणून."

"मग?"

सुनेची पाठ त्यांच्याकडेच होती. मागे नाक ओढल्याचा आवाज आला, आणि एक हात तिच्या डोक्यावर येऊन टेकला, आणि तिथंच राहिला.

"डोळ्याला पाणी लावू नका म्हणालेत डॉक्टर," सून म्हणाली.

"डॉक्टरला काय जातंय सांगायला," रंगबाई म्हणाल्या. "ऊठ. इथं वर उजेड नाही धड."

खाली आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पेल्यातले कंगवे काढून टेबलावर ओतले. पेला धुतला, पुसला आणि सुनेपुढे ठेवला. "तू माप, मी बघते. दोघींचे मिळून तीन डोळे आहेत धड, बक्कळ झाले." आधी जांभळा उतरवला, मग नवा रंग कालवला. रंगबाई दर वेळी विचारत, "तुला कसा दिसतोय?" अकरा वर्षांत त्यांनी हे कोणालाही विचारलं नव्हतं. हात थोडा थरथरला, पण बट न् बट पहिल्यासारखीच रंगवली गेली. रंग चढायच्या अर्ध्या तासात त्यांनी जांभळ्या रंगाची गोष्ट सांगायला घेतली आणि मधेच थांबून इतक्या हसल्या की समोरून शिंपीणबाई डोकावली. दिसलं ते बघून ती हेडबाईंना आणि काकूंना बोलवायला धावत सुटली.

केस वाळले. रंगबाईंनी सुनेला दारात नेलं आणि गोल फिरवलं. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. थाप मारली नाही. हात वर नेला, पण तो तिच्या गालावरच थांबला.

मग त्या आत गेल्या, पेटीतून सुनेचं कार्ड काढलं आणि 'फार छान आलाय'च्या खाली, आता स्वतःलाच स्वच्छ दिसणाऱ्या अक्षरांत, लिहिलं, 'छान नव्हता. पोरीनं तसाच मिरवला. दुसरा रंग. आज छान आलाय, तिला विचारून लिहिते.'

बाहेर तीन जांभळी डोकी रांगेत उभी होती. रंगबाईंनी खुर्ची झटकली आणि म्हणाल्या, "या, हेडबाई. आधी तुम्ही."